तिकीट आहे, प्रवासी नाही

(बी. ए. अंतिम वर्ष)

टपालाची तिकिटे जमवणारा माणूस थोडासा विक्षिप्त असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. एकदा शिक्का बसला की ज्या कागदाच्या कपट्याची किंमत संपली, तोच कपटा पाण्यात भिजवायचा, वर्तमानपत्रावर सुकवायचा, चिमट्याने उचलून वहीत लावायचा आणि घरी पाहुणे आले रे आले की त्यांच्यापुढे ती वही उघडून बसायचे, याला दुसरे काय म्हणावे? प्रस्तुत लेखिका स्वतः याच पंथातली आहे. त्यामुळे पुढे जे काही लिहिले आहे ते बाहेरच्याने केलेली टीका नसून घरातल्या माणसाने घरच्यांशी घातलेला वाद आहे, एवढे वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे.

वादाचे निमित्त एका पाकिटाचे. गेल्या हिवाळ्यात नागपूरला तिकिटांचे प्रदर्शन पाहायला गेले होते. तिथे एका विक्रेत्याकडे अंटार्क्टिकावरून आलेले पाकीट दिसले. वर भारताचे तिकीट, त्यावर ‘मैत्री’ या आपल्या केंद्राचा गोल शिक्का, शेजारी पेंग्विनचे चित्र असलेली रबरी मोहोर. खिशात होते तेवढे पैसे मोजले आणि परतीच्या एसटीपुरते ठेवून ते पाकीट घेतले. घरी येईपर्यंत चार वेळा पिशवीतून काढून पाहिले. जिथे वर्षातले सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, तिथून निघालेला कागद आपल्या उमरेडच्या उन्हात आला, या कल्पनेनेच अंगावर काटा आला होता.

घरी आल्यावर ते आबाजींच्या हाती दिले. आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. आपल्याच तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांनी आयुष्यभर शाखा डाकपालाचे काम केले. डाकघर म्हणजे घराचीच ओसरी. एक लाकडी पेटी, एक वजनकाटा, शिक्का आणि शाईची गादी, एवढाच संसार. माझ्या वहीतली पहिली तीस पाने त्यांचीच आहेत. त्यांनी पाकीट हातावर तोलले, जन्माची सवय ती! मग उजेडाकडे धरून पाहिले.

“कुठून आलं वं हे?”

“अंटार्क्टिकाहून, आबाजी. दक्षिण ध्रुवाकडे आपलं केंद्र आहे ना, तिथून.”

“बाप्पा! अन् आतमंधी काय लिवलं हाये?”

“काही नाही. पुठ्ठा आहे, पाकीट वाकू नये म्हणून.”

“म्हंजे चिठ्ठी नाही?”

“नाही.”

आबाजी हसले. म्हणाले, “मंग तिकीट काढलं, गाडी गेली, गाडी आली, अन् गाडीत बसलं कोनीच नाही. असंच ना?”

मी त्यांना छंदाचे शास्त्र समजावून सांगू लागले. ‘आवरण’ म्हणजे काय, ‘विशेष शिक्का’ म्हणजे काय, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाकीट परत दिले. पण त्यांचा तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. एसटीचेही तिकीट आणि टपालाचेही तिकीटच. तिकीट हे भाडे आहे. प्रवास करायचा तो चिठ्ठीने. मग चिठ्ठीच नसेल तर हजारो मैलांचा प्रवास कोणी केला?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ध्रुव प्रदेशातल्या टपालाचा छंद जरूर जोपासावा, पण रिकाम्या पाकिटांचा नव्हे. आणि हे म्हणणे जगातल्या इतर कोणत्याही देशापेक्षा भारताच्या बाबतीत अधिक खरे आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास उगाळावा लागेल.

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे जहाज निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस भारतीय त्यावर होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ते अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरले. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, आपल्या टपाल खात्याने या मोहिमेचे एक रुपयाचे तिकीट काढले. डिसेंबर १९८३ मध्ये तिसरी मोहीम निघाली, नेते डॉ. हर्ष गुप्ता. या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले कायमचे केंद्र उभारले. याच मोहिमेत डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता आणि डॉ. अदिती पंत या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत्या. त्यांपैकी समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक अदिती पंत यांचा जन्म १९४३ सालचा, आणि तो आपल्या नागपुरातला, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या दक्षिण गंगोत्रीत आपले टपाल कार्यालय सुरू झाले. ते केंद्र हिमफलकावर, म्हणजे समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर होते. काही वर्षांतच ते बर्फात गाडले गेले. मग १९८९ साली खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ हे केंद्र उभे राहिले आणि १९९० मध्ये टपालही तिकडे हलले. २०१२ साली ‘भारती’ हे तिसरे केंद्र झाले. ते मैत्रीपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे. तिथेही ५ एप्रिल २०२४ रोजी टपाल कार्यालय उघडले. त्याला प्रायोगिक पिन कोड मिळाला तो ‘एमएच-१७१८’. वाचकहो, त्या ‘एमएच’कडे जरा नीट पाहा. एमएच म्हणजे महाराष्ट्र! आपली मोहीम गोव्याहून चालते. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे. म्हणून हे टपाल गोव्याच्या टपाल विभागाकडे, आणि गोवा हा टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात मोडतो. म्हणजे ज्या परिमंडळात आपले ४४१२०३ उमरेड, त्याच परिमंडळात अंटार्क्टिका. एका अर्थाने आपण आणि ते एकाच वाड्यातले बिऱ्हाडकरू आहोत. ज्यांनी १९७२ साली देशाला पिन कोड दिला ते श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते आणि मराठी माणूस होते. आपल्या अंकांची ही मालिका एक दिवस बर्फापर्यंत जाईल, असे त्यांना तेव्हा वाटले असेल काय?

हे टपाल चालते कसे, तेही सांगितले पाहिजे. संग्राहकांची पाकिटे गोव्यात गोळा होतात. मोहीम निघाली की तिच्याबरोबर ती दक्षिणेकडे जातात. तिथे त्यांच्यावर शिक्का बसतो, परतणाऱ्या मोहिमेबरोबर ती पुन्हा गोव्याला येतात आणि तिथून नेहमीच्या टपालाने ज्याच्या त्याच्या घरी. तिथे शिक्का मारणारा माणूस पगारी पोस्टमास्तर नसतो. मोहिमेतलाच कोणी आपले काम सांभाळून ही जबाबदारी घेतो. दक्षिण गंगोत्रीच्या टपालात पहिल्याच वर्षी सुमारे दहा हजार पत्रांवर शिक्के बसले, असे सांगितले जाते. आता गणितात कच्चा असलेला आमच्यासारखा कला शाखेचा विद्यार्थीसुद्धा हा हिशेब करू शकतो. तिसऱ्या मोहिमेत माणसे होती ऐंशीच्या आसपास, आणि हिवाळ्यात मागे राहिली ती अवघी बारा. ऐंशी माणसांनी दहा हजार पत्रे लिहायची म्हणजे दरडोई सव्वाशे! बर्फात केंद्र बांधायचे, वादळाशी झुंजायचे, संशोधन करायचे आणि वर सव्वाशे पत्रे? स्पष्टच आहे की त्यातली बहुसंख्य पाकिटे इथूनच गेली आणि इथेच परत आली. पाठवणाराही मीच आणि घेणाराही मीच. स्वतःलाच काय लिहायचे? म्हणून पुठ्ठा.

हा प्रकार आपणच सुरू केला असे मात्र नाही. ध्रुवाकडच्या टपालाचा इतिहास पहिल्यापासूनच असा गमतीशीर आहे. १९०८ साली अर्नेस्ट शॅकलटनच्या मोहिमेसाठी न्यूझीलंडने आपल्या एका पेनीच्या तिकिटावर ‘किंग एडवर्ड सातवा लँड’ असे नाव छापून दिले आणि खुद्द शॅकलटनलाच पोस्टमास्तर नेमले. पुढे बर्फामुळे जहाज त्या प्रदेशात पोचूच शकले नाही. मुक्काम पडला रॉस बेटावर. तिकिटावर नाव एका गावाचे आणि पोस्ट दुसऱ्याच गावी! त्याआधी फेब्रुवारी १९०४ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण ऑर्कनी बेटांवर टपाल कार्यालय उघडले. तिथला टपालाचा कारभार सांभाळणारा उगो आकुन्या हा अठरा वर्षांचा पोरगा होता, म्हणजे आपल्या कॉलेजात असता तर पहिल्या वर्षाला असता. आणि १९४४ साली महायुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनने डिसेप्शन बेट आणि पोर्ट लॉक्रॉय इथे टपाल कार्यालये थाटली. तिथे वस्ती मूठभर माणसांची आणि असंख्य पेंग्विनांची. पेंग्विन पत्रे लिहीत नाहीत. मग टपाल कशाला?

टपाल होते ते हक्क सांगण्यासाठी. जिथे आमचे तिकीट चालते, आमचा शिक्का बसतो, ती भूमी आमची, असा हा साधा सरळ युक्तिवाद. अर्जेंटिना आजही आपल्या दाव्याच्या पुष्ट्यर्थ १९०४ कडे बोट दाखवतो. पुढे १९५५ साली फ्रान्सने, १९५७ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने, १९६३ साली ब्रिटनने आपापल्या दक्षिणेकडच्या प्रदेशांसाठी वेगळी तिकिटेच काढायला सुरुवात केली. झेंडा रोवला तर वाऱ्याने फाटतो. तिकीट मात्र जगभरच्या संग्राहकांच्या वहीत जाऊन बसते आणि पिढ्यान्‌पिढ्या आपले म्हणणे सांगत राहते. म्हणजे त्या पाकिटात चिठ्ठी नसली तरी एक मजकूर होताच. मजकूर तिकिटावरच होता: ‘हे आमचे.’

आता भारताकडे वळू. १९५६ साली, अंटार्क्टिकावर आपला एकही माणूस गेलेला नसताना, अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी भारताने केली होती. तो भूखंड शांततेच्या कामासाठीच वापरला जावा, हा त्यामागचा हेतू. पुढे १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. १९६१ मध्ये तो अमलात आला. जुने दावे त्याने आहेत तिथेच गोठवले आणि करार चालू असेपर्यंत तिथल्या कोणत्याही कृतीने नवा दावा उभा राहणार नाही, असे ठरवले. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत या करारात सामील झाला आणि सहाच महिन्यांनी आपले टपाल तिथे सुरू झाले. आपण वेगळी तिकिटे काढली नाहीत. जे तिकीट उमरेडच्या पाकिटावर, तेच मैत्रीच्या पाकिटावर. आपला तिथे एक इंचावरही दावा नाही, आणि ही मला आपल्या देशाच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट वाटते.

पण मग याचा अर्थ काय होतो? इतरांच्या रिकाम्या पाकिटात निदान ‘हे आमचे’ एवढा तरी मजकूर असतो. आपण तो मजकूर स्वखुशीने सोडून दिला आहे. आता आपल्या पाकिटात चिठ्ठीही नसेल, तर त्यात उरले काय? ज्या देशाला तिथे हक्क सांगायचा नाही, त्याच्या टपालाला तिथे असण्याचे एकच कारण असू शकते, आणि ते म्हणजे माणसाने माणसाला लिहिलेले पत्र. म्हणून म्हणते, रिकामे पाकीट इतरांना एक वेळ शोभेल, आपल्याला शोभत नाही.

ध्रुवाच्या टपालातले सर्वांत मोलाचे पत्र कोणते, असे मला कोणी विचारले तर मी एक बिनतिकिटाचे पत्र सांगेन. १४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पहिला पोचला. परतीच्या वाटेवर आपले काही बरेवाईट झाले तर जगाला कळावे कसे? म्हणून त्याने आपल्या राजाला, हाकोन राजाला, एक पत्र लिहून तंबूत ठेवले आणि सोबत इंग्रज प्रतिस्पर्ध्यासाठी, रॉबर्ट स्कॉटसाठी, चिठ्ठी ठेवली की हे पत्र कृपया पोचते करावे. १७ जानेवारी १९१२ रोजी स्कॉट तिथे पोचला. शर्यत हरलेली, अंगातले त्राण गेलेले, पुढे शेकडो मैलांची परतवाट. आणि त्या माणसाने ते पत्र उचलून आपल्याबरोबर घेतले. जो आपल्याआधी पोचला, त्याचाच तो टपालवाला झाला! वाटेत त्याचा आणि त्याच्या सोबत्यांचा अंत झाला. नोव्हेंबर १९१२ मध्ये शोध घेणाऱ्यांना तंबू सापडला, तेव्हा त्यात स्कॉटने अखेरच्या दिवसांत आपल्या पत्नीला, मित्रांना, सोबत्यांच्या घरच्यांना लिहिलेली पत्रे होती आणि अमुंडसेनचे ते पत्रही होते. त्याच स्कॉटच्या मोहिमेसाठी न्यूझीलंडने ‘व्हिक्टोरिया लँड’ अशी अक्षरे छापलेली तिकिटे दिली होती. ती आज संग्राहकांत मोलाची समजली जातात, समजोत बापडी. पण शंभर वर्षांनंतरही ज्यांनी डोळ्यांत पाणी येते ती पत्रे तिकिटाची नव्हती, शिक्क्याची नव्हती.

त्याच तंबूजवळच्या गाडीवर आणखी एक गोष्ट मिळाली, आणि तिचा आपल्या उमरेडशी संबंध आहे. मरणाच्या दारात असतानाही त्या माणसांनी सुमारे पस्तीस पौंड दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत ‘ग्लॉसॉप्टेरिस’ या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे होते. हीच वनस्पती भारतातल्या कोळशाच्या थरांतही सापडते. आपल्या उमरेडच्या खाणीतला कोळसा त्याच गोंडवनी काळातला. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते, आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या भूखंडाला नाव दिले ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून, ‘गोंडवन’. तेव्हा अंटार्क्टिका आपल्याला परकी नाही. आपली ताटातूट झालेली भावकीच म्हणा ना! आणि भावकीला कोणी पुठ्ठा पाठवतो का?

आता आक्षेपांकडे वळते. हा विषय आमच्या इतिहासाच्या सरांपुढे काढला तेव्हा त्यांनी मला चांगलेच धारेवर धरले. सर म्हणाले, “संग्राहकांना नावे ठेवू नका. त्यांनी ही पाकिटे जपली म्हणून कोणत्या वर्षी कोणता शिक्का वापरात होता, कोणते जहाज कधी गेले, हे आज सांगता येते. रिकामे असले तरी ते साधन आहे.” सरांचे म्हणणे मला मान्य आहे. संग्राहक नसते तर या टपालाचा निम्मा इतिहास पुसला गेला असता. पण मी नम्रपणे असे विचारते की आत एक कागद घातल्याने वरचा शिक्का पुसट होतो काय? पाकिटाच्या बाहेरून तारीख कळते, केंद्र कळते. पण त्या दिवशी वादळ किती तास चालले, स्वयंपाक काय झाला, घरची आठवण कोणत्या वेळी येते, हे आतल्या कागदावाचून कसे कळणार? शंभर वर्षांनी आपल्यासारखाच एखादा इतिहासाचा विद्यार्थी ते पाकीट उघडील आणि त्याच्या हाती पुठ्ठा लागेल, तेव्हा तो आपल्याला काय म्हणेल? शिवाय या छंदातले जाणकार स्वतःच हा भेद करतात. केवळ संग्रहासाठी तयार केलेले पाकीट आणि खरोखरच कोणी कोणाला धाडलेले पत्र, यांत टपाल इतिहासाचा अभ्यासक नेहमी दुसऱ्यालाच अधिक मान देतो.

दुसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा. ती म्हणाली, “अगं, आता तिथल्या माणसांना उपग्रहावरून घरी बोलता येतं. पत्र कोण लिहील? पत्रांचा जमाना गेला.” खरे आहे. २०२५ साली आपल्याकडची रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवाही बंद होऊन स्पीड पोस्टात विलीन झाली. आज डाकघरात लोक जातात ते बहुधा बचत खात्यासाठी आणि आधार कार्डासाठी. पण म्हणूनच माझा मुद्दा अधिक महत्त्वाचा होतो. बोलणे वाऱ्यावर जाते. फोनवर काल काय बोललो ते आज आठवत नाही. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात हिक्कीम नावाचे खेडे आहे. तिथे सुमारे साडेचौदा हजार फुटांवर १९८३ पासून डाकघर आहे. तिथे जाणारे पर्यटक मुद्दाम पोस्टकार्ड टाकतात. हौसच ती, पण पोस्टकार्डावर निदान चार ओळी तरी लिहाव्या लागतात! थंडीने बोटे आखडली असली तरी ‘आई, मी इथे आहे’ एवढे तरी लिहिले जातेच. त्या हौसेला मी मनापासून नमस्कार करते.

तिसरा आक्षेप माझा मीच घेते. तिथली माणसे कामासाठी गेलेली आहेत. आपण पत्रांचा मारा केला तर त्यांनी काम करायचे की उत्तरे लिहायची? यावर माझे उत्तर असे की आजही त्यांना शिक्के मारत बसावे लागतेच. शंभर पुठ्ठ्यांवर शंभर शिक्के मारण्यापेक्षा एक पत्र वाचायला कोणाला आवडणार नाही? पाकिटे कमी पाठवा, पण भरलेली पाठवा.

आबाजींनी या संदर्भात सांगितलेली एक आठवण इथे दिल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या गावातल्या एका म्हातारीचा मुलगा फौजेत होता. तिला वाचता येत नसे. पत्र आले की ती आबाजींच्या ओसरीवर येऊन बसायची. आबाजी ते वाचून दाखवायचे, ती पुन्हा एकदा वाचायला लावायची, मग चिठ्ठीची घडी घालून कनवटीला खोचायची आणि पाकीट आबाजींकडे सरकवायची. “तिकीट तुमाले होते ना, गुर्जी? घ्या.” आबाजींच्या वहीतली पहिली तिकिटे अशी आली आहेत. म्हणजे छंदाची सुरुवातच मुळी चिठ्ठी वाचून झाल्यावर जे उरते त्यातून झाली. आपण मधल्या काळात चिठ्ठी गाळून टाकली आणि उरलेल्यालाच सर्वस्व समजून बसलो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आणि या छंदात रमणाऱ्या गुरुजनांनो, माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात तिकिटे जमवणारे निदान दहा-बाराजण तरी निघतील. पुढची मोहीम निघण्याआधी आपण सर्वांनी मिळून एक पत्र लिहू या. तिकडे हिवाळाभर राहणाऱ्यांत शास्त्रज्ञ असतात तसे डॉक्टर असतात, स्वयंपाकी असतात, यंत्रे दुरुस्त करणारे असतात. त्यांना आपण आपले उमरेड सांगू. मे महिन्यातला उन्हाळा सांगू, भिवापुरी मिरचीचा ठसका सांगू, कऱ्हांडल्याचे जंगल सांगू, २०१९ साली बंद झालेल्या नागपूर-नागभीड छोट्या रेल्वेची आठवण सांगू. आणि आपल्याला संग्रहासाठी शिक्क्याचे पाकीट हवेच असेल, तर परतीच्या पाकिटात पुठ्ठ्याऐवजी एक कोरा कागद घालू. वर लिहू, ‘सवड झाली तर चार ओळी लिहाव्यात. नाही झाली तरी राग नाही.’

मी स्वतः एवढे ठरवले आहे. पत्राचा कच्चा खर्डा तयार आहे. त्यात आबाजींनी दोन ओळी सांगितल्या त्या जशाच्या तशा घातल्या आहेत. त्यांनी विचारले आहे की तिथे टपालाची पेटी बर्फात गोठत नाही का, आणि शाईची गादी कशी ओली ठेवता? चाळीस वर्षे शिक्के मारलेल्या माणसाला दुसऱ्या शिक्का मारणाऱ्याची काळजी वाटावी, यात नवल ते काय?

उत्तर येईल की नाही ते मी आज सांगू शकत नाही. कदाचित तो कागद कोराच परत येईल. आबाजींना मी तसे सांगितलेही. ते म्हणाले, “येऊ दे कोरा. पुठ्ठ्यापरीस कोरा कागद बरा, त्याच्यावर पुढच्या खेपेले लिवता येते.”